पेशीसांगाडा पडद्यावर पाहताना: ‘ह्यूमन प्रोटीन अ‍ॅटलस’चे परीक्षण

पेशीसांगाड्यातील तंतू शिकवताना शिक्षकाची आणि शिकताना विद्यार्थ्याची अडचण एकच असते, ती म्हणजे हे तंतू दिसत नाहीत. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची साल ठेवली की पेशीभित्तिका दिसते, रंग दिला की केंद्रक दिसते, पण त्या पेशीला आकार देणारे आणि आतील सामानाची ने-आण घडवणारे तंतू मात्र पुस्तकातील आकृतीतच राहतात. ते पाहायचे तर प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक हवा, विशिष्ट प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे हवीत आणि वाढवलेल्या मानवी पेशी हव्यात; बहुतेक पदवी महाविद्यालयांना यांपैकी एकही गोष्ट परवडत नाही. ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढणारी ‘ह्यूमन प्रोटीन अ‍ॅटलस’ ही स्वीडनमधील सेवा इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे, तिच्यासाठी नावनोंदणीही करावी लागत नाही. प्रस्तुत परीक्षण या संपूर्ण सेवेचे नाही. पेशीसांगाडा समजून घेण्यासाठी तिचा कितपत उपयोग होतो आणि कुठे होत नाही, एवढ्यापुरतेच ते मर्यादित आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. हा प्रकल्प २००३ मध्ये मथियास उहलेन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि त्याचा मुख्य आर्थिक भार नूट आणि अ‍ॅलिस वॉलेनबर्ग प्रतिष्ठानाने उचलला. मानवी जनुकांपासून तयार होणारे प्रत्येक प्रथिन शरीरात कोणत्या ऊतीत आणि पेशीच्या कोणत्या भागात असते, याचा नकाशा तयार करणे हा त्याचा हेतू होता. पेशींतर्गत स्थानांचा विभाग एमा लुंडबर्ग यांच्या गटाने उभा केला. २०१७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात १२,००३ प्रथिनांची स्थाने ३० पेशीरचनांमध्ये वाटून दाखवली होती, आणि त्यांतील सुमारे निम्मी प्रथिने एकाहून अधिक ठिकाणी आढळली होती. अशा अगणित प्रतिमांचे वर्गीकरण करण्यासाठी या मंडळींनी ‘ईव्ह ऑनलाइन’ या संगणकीय खेळातील खेळाडूंचीही मदत घेतली होती, हे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्थानांच्या या यादीत पेशीसांगाड्याला नुसते एक खाते दिलेले नाही. ॲक्टिन तंतू, मध्यम तंतू आणि सूक्ष्मनलिका हे तीन मुख्य वर्ग तर आहेतच, पण त्यांशिवाय सूक्ष्मनलिकांची टोके, विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना वेगळे करणारी नलिकांची तर्कू, नलिका जिथून निघतात ते तारककेंद्र, पेशी खालच्या पृष्ठभागाला जिथे घट्ट धरून बसते ती संलग्नस्थाने, आणि दोन जन्य पेशी वेगळ्या होताना त्यांच्यामध्ये शेवटपर्यंत टिकणारा अरुंद पूल अशा उपरचनांचीही स्वतंत्र नोंद आहे. अकरावीच्या पाठ्यपुस्तकात जो विषय थोडक्यात उरकला जातो, त्याचा एवढा विस्तार एका ठिकाणी, तोही छायाचित्रांसह, पाहायला मिळणे ही साधी गोष्ट नव्हे.

प्रतिमा कशा घेतल्या जातात हे समजल्याशिवाय त्यांचे मोल ठरवता येत नाही. वाढवलेल्या पेशी आधी पॅराफॉर्मल्डिहाइडने पक्क्या केल्या जातात, मग ट्रायटन या अपमार्जकाने त्यांच्या पटलाला छिद्रे पाडून प्रतिपिंडांना आत जाण्यासाठी वाट करून दिली जाते आणि शेवटी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने चार रंगांत चित्र टिपले जाते. निळा रंग डीएनएचा म्हणजे केंद्रकाचा, लाल रंग सूक्ष्मनलिकांचा, पिवळा आंतर्द्रव्यजालिकेचा आणि हिरवा रंग आपण शोधत असलेल्या प्रथिनाचा. हे चारही रंग नंतर संगणकाने दिलेले असतात; पेशीत मुळात असा कोणताही रंग नसतो, ही गोष्ट वर्गात पहिल्याच मिनिटाला सांगून टाकावी, नाहीतर विद्यार्थी परीक्षेत ‘सूक्ष्मनलिका लाल असतात’ असे बिनदिक्कत लिहून मोकळे होतात. प्रत्येक रंग स्वतंत्रपणे चालू-बंद करता येतो, आणि माझ्या मते या सेवेतील सर्वांत उपयोगी सोय हीच आहे.

या रचनेचा एक अनपेक्षित लाभ असा की प्रथिन कोणतेही असो, त्याच्या चित्रात सूक्ष्मनलिका फुकट मिळतात. इन्सुलिनच्या ग्राहीचे पान उघडा किंवा एखाद्या विकराचे, लाल रंगातील जाळे तिथे संदर्भासाठी असतेच. हिरवा आणि पिवळा रंग बंद करून फक्त लाल व निळा ठेवला की प्रयोगशाळेत वाढवलेल्या ‘यू-२ ओएस’ या मानवी पेशींमध्ये दृश्य फार स्पष्ट होते. केंद्रकाच्या एका अंगाला लाल रंग दाट असतो. तिथून बारीक धागे निघतात, केंद्रकाला वळसा घालून पेशीच्या कडेपर्यंत पसरतात, आणि काही धागे कडेपाशी पोहोचून किनाऱ्याला समांतर वळतात. तो दाट भाग म्हणजे तारककेंद्राचा परिसर. तिथे ट्युब्युलिन या प्रथिनाच्या गॅमा प्रकाराची वलये असतात आणि नलिकांची बांधणी त्यांच्यापासून सुरू होते. अल्फा व बीटा ट्युब्युलिनची सुमारे ८ नॅनोमीटर लांबीची जोडी हा या नलिकेचा घटक होय. अशा जोड्या एकाच दिशेने तोंड करून रांगेत बसतात आणि साधारणपणे १३ रांगा मिळून २५ नॅनोमीटर व्यासाची पोकळ नळी तयार होते. सर्व जोड्यांचे तोंड एकाच बाजूला असल्यामुळे नलिकेची दोन टोके एकसारखी नसतात: ऋण टोक बहुधा तारककेंद्रापाशी बांधलेले असते, तर धन टोक कडेकडे वाढत राहते. कायनेसिन कुळातील बहुतेक मोटर प्रथिने धन टोकाकडे आणि डायनीन ऋण टोकाकडे माल नेते, म्हणजे पेशीतील वाहतुकीला दिशा मिळते ती नलिकेच्या या असमानतेमुळे.

इथे एका अपेक्षाभंगाची पूर्वकल्पना दिलेली बरी. कायनेसिनचे पान उघडणाऱ्याला वाटते की लाल रुळांवर हिरव्या ठिपक्यांची रांग दिसेल. प्रत्यक्षात अशा मोटर प्रथिनांचे चित्र बहुधा पेशीद्रव्यभर पसरलेल्या हिरव्या धुक्यासारखे असते, कारण माल नसताना कायनेसिन-१ स्वतःवर दुमडून निष्क्रिय अवस्थेत पेशीद्रव्यात तरंगत असते आणि कोणत्याही क्षणी त्याचा थोडाच अंश प्रत्यक्ष नलिकेवर चालत असतो. ते चालते तेव्हा एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाच्या एका रेणूमागे ८ नॅनोमीटरचे एक पाऊल टाकते, म्हणजे नेमकी एका ट्युब्युलिन जोडीची लांबी. पण हे पाऊल अशा छायाचित्रात दिसण्याची सुतराम शक्यता नाही. चित्र चुकीचे नसते, आपल्या मनातील आकृती अतिसुलभ असते. शिक्षकाने हे आधीच बोलून दाखवले तर त्या धूसर चित्रातूनही शिकण्यासारखे पुष्कळ निघते.

विश्रांतीच्या अवस्थेतील शेकडो पेशी पाहिल्यावर एखाद्या चित्रात अचानक विभाजनाच्या मध्यावर असलेली पेशी सापडते, आणि तिथे थांबून पाहावे. आजूबाजूच्या पेशींमध्ये लाल जाळे चहूकडे पसरलेले असते. या एका पेशीत मात्र ते जाळे पूर्ण मोडलेले असते, पेशी गोल झालेली असते, निळी गुणसूत्रे मधल्या पट्टीत गोळा झालेली असतात आणि दोन ध्रुवांकडून निघालेले लाल धागे त्या पट्टीला दोन्ही बाजूंनी भिडलेले असतात. नलिकांचे तेच घटक सुटे होऊन काही मिनिटांत अगदी वेगळ्या यंत्रात बांधले गेले आहेत, हे दोन शेजारी पेशींकडे पाहून जितके पटते तितके परिच्छेदभर वर्णन वाचून पटत नाही. काही चित्रांत विभाजन जवळजवळ पूर्ण झालेल्या दोन पेशी आणि त्यांच्यामधील लाल नलिकांचा ताणलेला पूलही आढळतो. अशा पेशी शोधाव्या लागतात, त्या मुद्दाम गोळा केलेल्या नसतात. परंतु तो शोध हाच एक उत्तम गृहपाठ ठरू शकतो.

सूक्ष्मनलिकांचे महत्त्व मराठी वाचकाला वेगळ्या वाटेनेही पटवून देता येते. दारातल्या सदाफुलीपासून मिळणारी विन्क्रिस्टिन आणि विनब्लास्टिन ही कर्करोगावरील औषधे ट्युब्युलिनला चिकटून नलिकांची बांधणी अडवतात, त्यामुळे तर्कू उभी राहत नाही आणि पेशीचे विभाजन अडकते. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीत कोल्चिसिन असते, तेही ट्युब्युलिनलाच धरते. १९६० च्या दशकात बोरिसी आणि टेलर यांनी कोल्चिसिन नेमके कशाला चिकटते याचा माग काढला आणि त्या मागावरच नलिकांचे हे प्रथिन हाती लागले. टॅक्सॉल हे कर्करोगावरील आणखी एक औषध उलट्या बाजूने काम करते: ते नलिका मोडूच देत नाही, आणि परिणाम पुन्हा तोच, विभाजन अडते. ‘अ‍ॅटलस’मधील पेशी मात्र औषध न दिलेल्या असतात, त्यामुळे औषध दिल्यावर हे लाल जाळे कसे विरघळते किंवा कसे जाड जुड्यांमध्ये गोठते हे तिथल्या सर्वसाधारण चित्रांत पाहता येत नाही. हा दोष म्हणता येणार नाही, कारण प्रकल्पाचा तो हेतूच नव्हता. परंतु वर्गात वापरताना ही जागा दुसऱ्या साहित्याने भरावी लागेल, एवढे लक्षात ठेवावे.

आता माझ्या मुख्य आक्षेपाकडे वळतो. सूक्ष्मनलिकांना प्रत्येक चित्रात मानाचे पान मिळते, पण ॲक्टिनला मिळत नाही. संदर्भासाठी निवडलेल्या तीन रंगांत ॲक्टिनचा समावेश नसल्यामुळे ॲक्टिन तंतू पाहायचे असतील तर ॲक्टिनच्या किंवा त्याच्याशी बांधलेल्या एखाद्या प्रथिनाच्याच पानावर जावे लागते. परिणाम असा होतो की या सेवेत तासभर फिरलेल्या विद्यार्थ्याच्या मनावर ‘पेशीसांगाडा म्हणजे सूक्ष्मनलिकांचे जाळे’ असा ठसा नकळत उमटतो. वास्तविक पेशीचा बाह्य आकार, तिचे सरकणे, पृष्ठभागाला धरून ठेवणे आणि विभाजनाच्या शेवटी कमरेत आवळले जाणे या सर्वांत ॲक्टिनचा वाटा मोठा आहे. विषारी अळिंब्यातून मिळणारे फॅलॉइडिन हे ॲक्टिन तंतूंना इतके घट्ट आणि निवडकपणे चिकटते की प्रयोगशाळांमध्ये तंतू रंगवण्याची ती सर्वमान्य पद्धत आहे, आणि एकाच पेशीत तीन-चार रंग वापरणाऱ्या प्रकल्पाला पाचवा रंग जोडणे तांत्रिकदृष्ट्या सोपे नसते हे मान्य करूनही निवड करताना ॲक्टिन मागे पडले याची खंत वाटते.

जिथे ॲक्टिन दिसते तिथे मात्र दृश्य उत्तम आहे. पसरट पेशीच्या तळाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेले सरळ, जाड पट्टे दिसतात, त्यांना ताणतंतू म्हणतात, आणि त्यांत ॲक्टिनबरोबर मायोसिन असते, त्यामुळे ते आकुंचन पावू शकतात. त्यांची टोके संलग्नस्थानांमध्ये रोवलेली असतात. ॲक्टिनचे चित्र पाहून झाल्यावर विन्क्युलिन आणि झायक्सिन या प्रथिनांची पाने उघडावीत, म्हणजे त्या रोवलेल्या टोकांच्या जागी हिरवी चिरोटीवजा टिंबे कडेला ओळीने बसलेली सापडतात. दोन चित्रे वेगवेगळ्या पेशींची असली तरी मनात ती एकमेकांवर ठेवता येतात आणि तणाव कुठून कुठे पोहोचतो याची कल्पना येते. सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचा एकेक तंतू अर्थातच यात दिसत नाही. दृश्य प्रकाशाने जवळजवळ २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील साध्या पद्धतीने वेगळा करता येत नाही, त्यामुळे पडद्यावरील एक पट्टा म्हणजे अनेक तंतूंची जुडी असते. सरकत्या पेशीच्या पुढच्या कडेला आर्प-२/३ या प्रथिनसंकुलामुळे जुन्या तंतूवर सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी फांदी फुटते, ही गोष्ट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांतूनच पाहावी लागते. इथे त्या जागी फक्त एक उजळ किनार दिसेल.

ॲक्टिनच्या पानांबाबत आणखी एक सावधगिरी बाळगायला हवी. मानवात ॲक्टिनची सहा जनुके आहेत आणि त्यांची प्रथिने जवळपास एकसारखी आहेत. स्नायू नसलेल्या पेशींतील बीटा आणि गॅमा ॲक्टिन तर ३७५ अमिनो आम्लांपैकी अवघ्या चार ठिकाणी भिन्न असतात, तेही साखळीच्या सुरुवातीच्या टोकाजवळ. एखादे प्रतिपिंड त्या टोकाऐवजी उरलेल्या भागाला चिकटत असेल, तर ते बीटा आणि गॅमा यांत फरक करूच शकत नाही. म्हणून ‘या पेशीत हे विशिष्ट ॲक्टिन असेच मांडलेले असते’ असा निष्कर्ष एका चित्रावरून काढू नये. ट्युब्युलिन आणि केराटिन यांच्या बहुसदस्य कुळांनाही हीच गोष्ट लागू पडते. या सेवेचा प्रामाणिकपणा असा की प्रत्येक प्रथिनाच्या स्थानाला विश्वासार्हतेची श्रेणी दिलेली असते. चार श्रेणी आहेत, आणि सर्वांत वरची श्रेणी मिळण्यासाठी प्रतिपिंडाची स्वतंत्र पद्धतीने पडताळणी झालेली असावी लागते. उदाहरणार्थ, ते जनुक दाबून टाकल्यावर हिरवा रंग फिका पडतो का, किंवा त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या भागाला धरणारे प्रतिपिंड तेच स्थान दाखवते का. सर्वांत खालच्या श्रेणीतील चित्रे वर्गात दाखवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. चित्र देखणे आहे म्हणून ते खरे ठरत नाही, आणि श्रेणीकडे न पाहता चित्र उचलणारे बरेच असतात.

तिन्हींपैकी ज्या तंतूंबद्दल मराठीत सर्वांत कमी लिहिले गेले आहे त्या मध्यम तंतूंच्या बाबतीत ही सेवा खरोखर उजवी आहे, म्हणून इथे थोडे अधिक रेंगाळतो. ‘यू-२ ओएस’ पेशींमधील व्हायमेंटिन या मध्यम तंतूंच्या प्रथिनाचे चित्र उघडावे आणि आधी फक्त हिरवा व निळा रंग ठेवावा. केंद्रकाभोवती लाटालाटांचे दाट जाळे दिसते, ते कडेकडे जाताना विरळ होत जाते आणि किनाऱ्याच्या थोडे आधीच संपते. धागे सूक्ष्मनलिकांसारखे ताठ नसून वळणदार असतात, त्यांना एक केंद्र नसते आणि कुठून कुठे जायचे अशी दिशाही नसते. आता लाल रंग चालू करावा. पुष्कळ ठिकाणी हिरवा धागा लाल धाग्याची सोबत करत गेलेला आढळतो. हा योगायोग नाही. व्हायमेंटिनचे तुकडे कायनेसिन आणि डायनीन यांच्याकरवी सूक्ष्मनलिकांवरूनच वाहून नेले जातात, आणि औषधाने नलिका मोडल्या तर व्हायमेंटिनचे सारे जाळे केंद्रकाभोवती गोळा होऊन बसते. एकाचे जाळे दुसऱ्याच्या आधारावर पसरलेले असते हे इतक्या सहजपणे दाखवणारे दुसरे साधन मला माहीत नाही. फक्त एक पथ्य पाळावे: लाल आणि हिरवा एकत्र आले की पडद्यावर पिवळा दिसतो, आणि आंतर्द्रव्यजालिकेलाही पिवळाच रंग दिलेला आहे, म्हणून असे सहअस्तित्व तपासताना तो मूळ पिवळा रंग आधी बंद करावा.

या तंतूंची बांधणी काथ्याच्या दोरखंडासारखी असते. एकही धागा दोराच्या पूर्ण लांबीचा नसतो, आखूड धागे एकमेकांवर सरकवून पिळलेले असतात आणि मजबुती त्या पिळातून येते. दोन लांबट प्रथिने एकमेकांभोवती गुंडाळली जाऊन जोडी होते, दोन जोड्या उलटसुलट दिशांनी बाजूबाजूला बसतात, आणि अशा चौकड्यांच्या आडव्या-उभ्या रचनेतून सुमारे १० नॅनोमीटर जाडीचा तंतू तयार होतो. जोड्या उलटसुलट बसत असल्यामुळे पूर्ण तंतूची दोन्ही टोके सारखीच असतात, म्हणून त्यावर मोटर प्रथिन चालू शकत नाही; तसेच त्याच्या बांधणीला एटीपी किंवा जीटीपी हे ऊर्जावाहक रेणू लागत नाहीत. ॲक्टिन तंतू आणि सूक्ष्मनलिका थोड्या ताणाने तुटतात, मध्यम तंतू मात्र मूळ लांबीच्या दुपटीहून अधिक ताणले तरी टिकतात. ज्या ऊतींना सतत ओढाताण सोसावी लागते तिथे हे तंतू विपुल असण्याचे कारण तेच. त्वचेच्या खालच्या थरातील केराटिन-५ किंवा केराटिन-१४ यांच्या जनुकात बिघाड असेल तर साध्या घासण्यानेही पेशी फाटतात आणि अंगावर फोड येतात. लॅमिन हे याच कुळातील, पण ते केंद्रकाच्या आतल्या कडेला अस्तरासारखे असते. त्याचे चित्र ‘अ‍ॅटलस’मध्ये निळ्या केंद्रकाभोवतीच्या हिरव्या कड्यासारखे दिसते, आणि लॅमिन-ए च्या जनुकातील एका बदलामुळे मुलांना अकाली वार्धक्य आणणारा प्रोजेरिया हा रोग होतो, हे २००३ मध्ये सिद्ध झाले. पेशीसांगाडा केंद्रकाच्या बाहेरच असतो असे समजणाऱ्याने हे एक चित्र पाहावेच.

आणखी एक मर्यादा पेशींच्या निवडीतून येते. ‘यू-२ ओएस’ या हाडाच्या कर्करोगापासून मिळालेल्या पेशी आहेत, ‘ए-४३१’ त्वचेच्या कर्करोगाच्या आणि ‘हेला’ गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या. काचेवर पसरून वाढणाऱ्या या पेशी छायाचित्रासाठी सोयीच्या आहेत, पण त्यांत स्नायूतील ॲक्टिन-मायोसिनची शिस्तबद्ध पट्टरचना नाही आणि चेतापेशीचा लांब अक्षतंतूही नाही. ही कसर ऊतींच्या विभागाने काही प्रमाणात भरून निघते. तिथे चाळीसहून अधिक प्रकारच्या मानवी ऊतींचे पातळ काप आहेत आणि प्रथिन असलेली जागा तपकिरी रंगाने दाखवलेली आहे. डेस्मिनसाठी हृदयाचा स्नायू, जीएफएपीसाठी मेंदूतील तारकपेशी आणि केराटिनसाठी त्वचा पाहिली, म्हणजे प्रत्येक ऊतीचा मध्यम तंतू वेगळा का, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. निदानाच्या प्रयोगशाळेत गाठ मुळात कोणत्या ऊतीतून आली हे ओळखण्यासाठी नेमक्या याच प्रथिनांचा उपयोग होतो. ऊतींच्या या प्रचंड संग्रहाचे वाचन करण्यात मुंबईतील विकृतिशास्त्रज्ञांचा मोठा सहभाग होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते.

मात्र सर्वांत मोठी उणीव पेशींच्या निवडीत नाही, रंगांतही नाही. पेशीसांगाड्याचे कार्य त्याच्या सततच्या घडण्या-मोडण्यात आहे, आणि इथे प्रत्येक चित्र पक्क्या केलेल्या, म्हणजे मृत पेशीचे आहे. मिचिसन आणि कर्शनर यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की सूक्ष्मनलिका संथपणे वाढत असतानाच एकाएकी वेगाने आखडू लागते आणि पुन्हा वाढीला लागते. टोकाशी जीटीपी असलेले ट्युब्युलिन शिल्लक आहे तोवर वाढ चालू राहते, ते संपले की नलिकेच्या रांगा बाहेरच्या बाजूला वळून सुटत जातात. विभाजनाच्या काळात बहुतेक नलिकांचे आयुष्य मिनिटभराच्या आसपासच असते. या चाचपडण्यातूनच तर्कूचे धागे गुणसूत्रांपर्यंत पोहोचतात. ॲक्टिन तंतूचे एक टोक वाढत असते आणि दुसरे झिजत असते, त्यामुळे लांबी तीच राहूनही त्यातील घटक पुढून मागे सरकत जातात आणि पेशीची कड पुढे ढकलली जाते. स्थिर चित्रात एखादी नलिका वाढते आहे की मोडते आहे हे सांगता येत नाही. टोकांसाठी वेगळा वर्ग आहे खरा, पण त्यात मोजकीच प्रथिने आहेत आणि वाढत्या टोकावर धूमकेतूसारखे चमकत पुढे जाणारे ईबी-१ प्रथिन पाहण्याचा आनंद जिवंत पेशीच्या चलच्चित्रातच मिळतो. अ‍ॅनिलिनसारखी प्रथिने तर विश्रांतीत केंद्रकात असतात आणि विभाजनाच्या वेळी आवळत्या कमरेशी जमतात, म्हणजे चित्रात कोणत्या अवस्थेतील पेशी आली यावर उत्तर बदलते. म्हणून मांडणी दाखवण्यासाठी ‘अ‍ॅटलस’ आणि हालचाल दाखवण्यासाठी जिवंत पेशींची चलच्चित्रे, अशी जोडी लावूनच हा विषय शिकवावा. एकट्या ‘अ‍ॅटलस’वर विसंबल्यास विद्यार्थ्याच्या मनात इमारतीच्या लोखंडी सळयांसारखे काहीतरी कायमचे उभे राहील.

वापराच्या सोयीबद्दल थोडक्यात. सर्व मजकूर इंग्रजीत आहे आणि शोध प्रामुख्याने जनुकांच्या संक्षिप्त नावांनी घ्यावा लागतो, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी शिक्षकाने दहा-बारा नावांची यादी हातात द्यावी. पेशीरचनांचा सचित्र कोश दिलेला आहे. तो नवख्या माणसाने सुरुवातीला वाचावा, कारण तंतूचे चित्र कसे दिसायला हवे याचा नमुना त्यात मिळतो. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर नलिका आणि मध्यम तंतू यांतील फरक लक्षात येणे अवघड आहे. हे काम संगणकावर किंवा वर्गातील प्रोजेक्टरवरच करावे, आणि खोलीत अंधार करावा.

बारावीच्या विद्यार्थ्याने स्वतःहून यात शिरावे असे मी सुचवणार नाही, तो आकड्यांत आणि तक्त्यांत हरवेल. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून पुढे, शिक्षक सोबत असेल तर, याच्या तोडीचे विनामूल्य साधन नाही. मध्यम तंतूंसाठी ही सेवा उत्कृष्ट, सूक्ष्मनलिकांच्या मांडणीसाठी फार चांगली, ॲक्टिनसाठी कामापुरती आणि तंतूंच्या गतीसाठी निरुपयोगी आहे. प्रतिमा मुक्त परवान्याखाली दिलेल्या असल्यामुळे योग्य श्रेय देऊन त्या आपल्या टिपणांत आणि मराठी पुस्तकांत छापता येतात. तसे करताना चित्राखाली प्रथिनाचे नाव, पेशीचा प्रकार आणि विश्वासार्हतेची श्रेणी या तिन्ही गोष्टी लिहाव्यात.